वर जाऊन खालीच यायचे

“वर जाऊन परत खालीच यायचं हाय ना? मग जाता कशाला?”

आण्णांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी अंगणात बसून वहीत डोंगराचा नकाशा काढत होतो. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची शाळा चौथीत सुटली आणि हातात कोयता आला, तो आजतागायत सुटलेला नाही. कॉलेजात गेलेला मी आमच्या घरातला पहिलाच. त्यामुळे कोणताही प्रश्न निघाला की त्याचे उत्तर मला येतच असणार, असा घरात सर्वांचा समज आहे. या प्रश्नाचे उत्तर मात्र मला आले नाही. “शर्यत तशीच असती आण्णा,” एवढेच म्हणालो. ते हसले आणि गुडघ्याला तेल चोळू लागले.

ही गोष्ट २०२४ सालच्या सप्टेंबरातली. मी तेव्हा प्रथम वर्षात होतो. माझे गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या कुशीत. गावाच्या उगवतीला एक डोंगर आहे आणि माथ्यावर खंडोबाचे लहानसे ठाणे आहे. या डोंगरावर आपण शर्यत ठेवायची, लहानांची आणि मोठ्यांचीही, असे आम्ही चार मित्रांनी ठरवले. शर्यत म्हटल्यावर गावातले पहिले पाच-सहा जण एकच गोष्ट विचारीत, “बैलं कुणाची?” माणसेच पळणार आहेत असे सांगितले की त्यांचा उत्साह निम्मा होई.

खरे तर सुरुवात ऑगस्टात झाली होती. ८ ऑगस्टच्या रात्री एकच्या सुमारास पंधरा-वीस जण पारावर एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसलो होतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती आणि तीत अविनाश साबळे धावत होते. हे आष्टी तालुक्यातील मांडव्याचे. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि पळत जाणारे, बारावीनंतर सैन्यात गेलेले, महार रेजिमेंटमधून सियाचीनला राहून आलेले. धावण्याच्या स्पर्धांकडे ते वळले तेच मुळी २०१५ साली, सैन्यातल्या क्रॉसकंट्रीमुळे. २०१८ साली त्यांनी भुवनेश्वरला गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले, तर पुढच्या वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. पॅरिसला ते अकरावे आले. पारावर जरा वेळ कोणी बोलले नाही. मग एक म्हातारा म्हणाला, “आकरावा म्हंजी गावात का जगात?” जगात, असे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग तोंडं कशाला पाडता रं?”

स्टीपलचेसचा अर्थ मी दुसऱ्या दिवशी आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांना विचारला. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या, हे पारावर पाहिले होतेच. पण सरांनी सांगितले की स्टीपल म्हणजे चर्चचे शिखर. पूर्वी तिकडे एका गावच्या शिखरावर नजर ठेवून दुसऱ्या गावाहून निघत आणि मध्ये येईल तो बांध, कुंपण, ओढा ओलांडत तिथे पोचत. ते ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा खंडोबा उभा राहिला. गावात कुठेही उभे राहा, तो दिसतोच.

आमच्याकडे पळणारे नाहीत असे नाही. उलट पहाटे पाटोद्याच्या रस्त्यावर पोरांची रांग असते. पण ती सगळी भरतीची पोरे. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर, तेवढे ती मोजून पळतात आणि थांबतात. भरती झाली की पळणे संपले, नाही झाली आणि वय गेले की तेव्हाही संपले. चाळिशीचा माणूस पळताना दिसला तर बैल सुटला असेल असेच लोक समजतात. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटात एकवीस किलोमीटरची डोंगरी मॅरेथॉन होते आणि तीत केस पिकलेली माणसेसुद्धा धावतात, हे मी सांगितले तेव्हा आमच्या सरपंचांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. तरी ग्रामपंचायतीने पाण्याचे दोन ड्रम आणि लाउडस्पीकर कबूल केला. एका नवख्या पोराला याहून जास्त काय मिळणार!

तारखेचा घोळ मात्र मोठा झाला. ज्यांना बीड जिल्हा ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की दसऱ्यानंतर आमची गावे हळूहळू रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक येतो, भांडीकुंडी, शेरडे, लेकरे त्यात चढतात आणि गाव पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. उरतात म्हातारी माणसे आणि कुलपे. परत येईपर्यंत उन्हाळा. म्हणजे शर्यत दसऱ्याच्या आत घ्यायला हवी. गणपतीत सगळे गुंतलेले, नवरात्रात उपास आणि डोंगरावर दर्शनाची गर्दी. उरला तो मधला पितृपंधरवडा. त्यात नवे काही करू नये म्हणतात. दोन-तीन घरांतून विरोध झाला. शेवटी पारावरचा तोच म्हातारा आमच्या मदतीला आला. म्हणाला, “पितरं काय नुसती कावळ्याच्या वाटंकडं डोळं लावून बसत्यात व्हय? बघतील की जरा लेकरांची गंमत.” तारीख ठरली, २९ सप्टेंबर, रविवार. वेळ सकाळी साडेसहा, कारण सोयाबीन काढणीला आले होते आणि आठनंतर कोणी थांबले नसते.

पैशांची हकीकत थोडक्यात सांगतो. एक मुकादम पाच हजार द्यायला तयार होते, पण फ्लेक्सवर त्यांचा मोठा फोटो हवा होता. मित्रांना ते पटले. मला ठरवता येईना, कारण आमच्या आण्णांची उचल त्यांचीच. शेवटी आम्ही फ्लेक्सच लावायचा नाही असे ठरवले आणि शाळेच्या फळ्यावर देणगीदारांची नावे लिहिली, ज्याने आधी दिले त्याचे आधी. मुकादमांनी मग पाचशे पाठवले आणि त्यांचे नाव चौदावे आले, न्हाव्याच्या खाली आणि पोस्टमनच्या वर. ते येऊन फळा वाचून गेले. काही बोलले नाहीत. पाठीवर लावायचे नंबर आम्ही निवडणुकीतल्या एका जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर लिहिले आणि कातरून सेफ्टी पिनांनी टाचले. त्यामुळे प्रत्येक धावणाऱ्याच्या पाठीवर आतल्या बाजूने कोणाचा तरी कान, कोणाचा तरी हात जोडलेला होता.

शर्यतीचा मार्ग असा. अठराच्या आतल्यांनी शाळेपासून निघून गाडीवाटेने माथ्यावर जायचे आणि त्याच वाटेने परत. मोठ्यांनी माथ्यावरून पुढे पठारावरच्या पाझर तलावापर्यंत जाऊन यायचे. कोणी अर्ध्यातून फिरू नये म्हणून माथ्यावर खूण हवी होती. मी म्हणत होतो चिठ्ठ्या द्याव्यात. आण्णा म्हणाले, “घामात भिजत्यात चिठ्ठ्या. खंडोबाचा डोंगर हाय, भंडारा लाव की कपाळाला.” असा माथ्यावरचा कारभार त्यांच्याकडे आला. पळणे त्यांच्या गुडघ्याला शक्य नव्हते. वीस हंगाम मोळ्या वाहून तो गुडघा जिना उतरतानासुद्धा कुरकुरतो.

आता मला माझ्या धाकट्या बहिणीविषयी सांगितले पाहिजे. तेव्हा ती नववीत होती. आईवडील ऊसतोडीला गेले की आम्ही दोघे आजीजवळ राहायचो. २०२४ च्या मे महिन्यात आजी गेली. मी शहरात खोली करून राहिलेला. गावच्या शाळेतले हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांचे. बीडला मावशी आहे, पण तिचे घर दोन खोल्यांचे आणि तिचीच माणसे सहा. तेव्हा यंदा धाकटीला फडावर न्यायचे, स्वयंपाकपाणी बघील, परीक्षेला आणून सोडू, असे घरात ठरल्यासारखेच होते. ठरले असे कोणी म्हणाले नव्हते, पण आईने तिच्यासाठी जाड घोंगडे काढून उन्हात टाकले होते, आणि आमच्या घरात अशाच रीतीने गोष्टी ठरतात.

धाकटीने शर्यतीत नाव दिले तेव्हा आई म्हणाली, “लोकं काय म्हणतील?” धाकटी तिला काही बोलली नाही. ती आण्णांकडे गेली आणि म्हणाली, “पहिली आले तर मला मावशीकडं ठेवशाल?” आण्णा जेवत होते. “ठेवतो,” म्हणाले. ते चेष्टेने म्हणाले की खरे, मला त्यांच्या तोंडावरून कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून डोंगराकडे जाऊ लागली.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः गाडीवाटेवर फक्की मारली. अर्ध्या चढावर सीताफळीच्या रानात वाटेला फाटा फुटतो. डावीकडे गाडीवाट वळसा घेत जाते, उजवीकडे शेरडांची पायवाट सरळ छातीवर चढते. तिथे मी फक्कीचा चांगला हातभर रुंद बाण काढला. तिथे माणूस उभा करावा असे एक मित्र म्हणाला होता. आमच्याकडे माणसे कमी होती. मी म्हणालो, एवढा बाण काय कोणाला दिसणार नाही?

रात्री दोनला पाऊस आला.

पाऊस ऐकत मी पडून होतो आणि मला शर्यत होते की नाही याची काळजी वाटत होती, ड्रम भिजतील का, लोक येतील का. फक्की वाहून जाईल हे काही मनात आले नाही. पहाटे पाऊस थांबला. आण्णा साडेचारलाच बॅटरी आणि भंडाऱ्याचे ताट घेऊन वर गेले होते. काळोखात त्यांना बाण दिसला नाही म्हणून ते वर चुकले थोडेच! त्यांना वाट पायांनी ठाऊक.

एकाहत्तर नावांपैकी अठ्ठावन्न आले. सर मोटारसायकलवर आले, आरोग्य केंद्रातून मीठ-साखरेच्या पुड्या आल्या. सगळे गाव शाळेपुढे जमले. आधी मुले सुटली. पंधरा मिनिटांनी मुली, अकरा जणी. मग मोठी माणसे, आणि इथे खरी गंमत झाली. बायकांत नावे पाचच होती, पण माझी चुलती ऐनवेळी ओटीतली शेंग टाकून उभी राहिली. फडावर घालतात तसा साडीवर पुरुषी शर्ट, कासोटा घातलेला, पाय अनवाणी. कोणी तरी हसले. ती म्हणाली, “डोक्यावर मोळी न्हाई, पायाखाली फळी न्हाई, ह्येला काय चढ म्हणायचा?” ज्यांनी उसाची मोळी डोक्यावर घेऊन रात्री ट्रकच्या फळीवरून वर चढणारी बाई पाहिली आहे, त्यांना चुलती पहिली आली याचे नवल वाटणार नाही. दुसरी बाई शाळेच्या फाटकाशी आली तेव्हा चुलतीची चूळ भरून झाली होती. बक्षिसाचे बूट आम्ही पुरुषी आठ नंबरचेच आणले होते. ते आता तिचा मुलगा घालतो.

पण मी मुलींच्या शर्यतीचे सांगत होतो. उतारावर पहिली पिवळ्या कपाळाची मुलगी दिसली ती आमची धाकटी. मागे बऱ्याच अंतराने दोघी. मी वहीत वेळ लिहिली, माझा हात थरथरत होता. लोक टाळ्या वाजवत होते. चौथी मुलगी आली ती मळ्याच्या वस्तीवरची. ती आली आणि रडू लागली. तिच्या चुलत्यांनी विचारले तेव्हा कळले, ती एकटी गाडीवाटेने गेली होती. पहिल्या तिघी तिला वर जाताना दिसल्याच नाहीत, उतरताना मात्र समोरून आल्या. मी धाकटीला बाजूला घेऊन विचारले. तिने सरळ सांगितले, “फाट्यावर काहीच नव्हतं दादा. देऊळ उजवीकडं दिसत होतं, म्हणून उजवीकडनं गेले.” मागच्या दोघी तिच्या मागोमाग. मुले मात्र चुकली नव्हती, कारण त्यांतले दोघे रोज त्याच गाडीवाटेने गुरे नेणारे.

चुलते चांगले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी मोठ्या आवाजात म्हणाले, “घरचीच शर्यत हाय म्हणल्यावर घरातच बक्षीस जाणार!” लाउडस्पीकर चालू होता, ते सगळ्या गावाने ऐकले. मी सरांकडे पाहिले. सर हळूच म्हणाले, “आयोजक तू आहेस. तू ठरव.”

आज मागे वळून पाहताना मला वाटते की मी विचार असा केलाच नाही. मला फक्त तो आवाज ऐकू येत होता. चूक माझी, बाण माझा, माणूस उभा न करण्याचा शहाणपणा माझा. पण मी लाउडस्पीकर घेतला आणि पहिल्या तिघींचे नंबर बाद झाल्याचे सांगितले. चौथी पहिली झाली. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. प्रामाणिक पोरगा म्हणाले. त्या टाळ्या मला त्या वेळी गोड लागल्या हे मी लपवत नाही. धाकटी काही बोलली नाही. ड्रमजवळ गेली, ओंजळभर पाणी घेतले आणि कपाळावरचा भंडारा धुऊन टाकला.

आण्णा नऊच्या सुमारास रिकामे ताट घेऊन उतरले. खाली काय झाले ते त्यांना वाटेतच कोणी सांगितले असावे. घरी आले, भाकरी खाल्ली, सोयाबीन काढायला गेले. रात्री मी त्यांच्यापाशी बसलो. म्हणालो, “आण्णा, मी चुकलो का?” त्यांनी उत्तर दिले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तुझ्या वहीत कोण पहिलं आलं ते तुझं तू बघ. माझ्यापाशी कपाळ घिऊन पहिलं कोण आलं ते मला कुणी इचारलं का?” मग आत धाकटीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “मी म्हणलो होतो पहिली आली तर. कुठं पहिली, ते म्हणलो नव्हतो.”

दिवाळी झाल्यावर आमची टोळी कर्नाटकाकडे गेली. आईने घोंगडे स्वतःसाठी नेले. धाकटी मावशीकडे राहिली. मावशीचे घर दोन खोल्यांचेच आहे, आता माणसे सात. तिथे तिला सुख आहे असे मी म्हणणार नाही. पण नववी पास झाली आणि यंदा दहावीला आहे.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर मी डोंगरी शर्यतींविषयी शोधून वाचले. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात अशा शर्यती शंभराहून अधिक वर्षे चालत आल्या आहेत. तिथल्या पुष्कळ शर्यतींत वाट आखलेलीच नसते. ठरलेल्या खुणांपाशी पोचायचे, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. धुक्यात वाट शोधता येणे हा तिथे पळण्याचाच भाग समजतात. म्हणजे देवळावर नजर ठेवून शेरडांच्या वाटेने चढलेली मुलगी तिथे बाद झाली नसती, हुशार ठरली असती. मी हे मोठ्या उत्साहाने मावशीकडे जाऊन धाकटीला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, “मग दादा, तू हे आधी वाचायला पाहिजे होतं.” आणि गणिते सोडवू लागली.

वस्तीवरच्या त्या मुलीचे बक्षीस काही मी परत मागणार नाही. तिचाही त्यात काय दोष? ती आणि धाकटी आता एकमेकींशी बोलतात, असे ऐकतो.

दुसरी शर्यत २०२५ च्या सप्टेंबरात घ्यायची होती. यंदा फाट्यावर दोन माणसे उभी करायची, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. जुलैत अविनाश साबळे मोनाकोच्या शर्यतीत पडले आणि त्यांच्या गुडघ्याला मोठी इजा झाली, ती बातमी मी आण्णांना वाचून दाखवली तेव्हा ते “त्येचाबी गुडघा?” म्हणाले आणि आपला गुडघा दाबत बसले. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो सर्वांना ठाऊक आहे. सिंदफणेने काठची राने खरवडून नेली. आमच्याकडेही उभे सोयाबीन पाण्यात कुजले. अशा वेळी शर्यतीचे नाव कोण काढणार?

पाऊस ओसरल्यावर आण्णा आणि मी डोंगरावर गेलो. गाडीवाट फाट्यापासून वर पार वाहून गेली आहे, नुसते खडक उघडे पडले आहेत. शेरडांची पायवाट तेवढी शाबूत आहे. आण्णा पुढे आणि मी मागे, असे आम्ही तिनेच वर गेलो. चढ चांगलाच उभा आहे. मला तीनदा थांबावे लागले, आण्णा दोनदाच थांबले.